वीस जुलैचा दिवस आणि लोणारचा खडक

लोणार, ता. २० - अमेरिकेच्या अवकाश-इतिहासात २० जुलै ही तारीख दोनदा ठळकपणे नोंदली गेली आहे. १९६९ मध्ये या दिवशी 'अपोलो-११'मधून नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २१ तारीख लागली होती. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, याच तारखेला 'व्हायकिंग-१' मंगळावर उतरले. वास्तविक ते ४ जुलैला, अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या मुहूर्तावर उतरवायचे होते. परंतु नियोजित जागा खडबडीत असल्याचे दिसल्याने मुहूर्त सोडावा लागला. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै हा आंतरराष्ट्रीय चंद्र दिन म्हणून जाहीर केला.

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारशी या तारखेचे नाते आहे ते खडकाचे. आर्मस्ट्राँग उतरले ते चंद्रावरील मैदान बेसाल्टचे. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी त्याच खडकाचा. पृथ्वीवर मात्र उल्काघाताने बेसाल्टमध्ये तयार झालेली आणि सुस्थितीत राहिलेली विवरे अगदी मोजकी आहेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार त्यांत अग्रभागी आहे. अनेक वर्षे ते ज्वालामुखीचे मुख समजले जात असे. अखेरची अपोलो मोहीम १९७२ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी भारतीय व अमेरिकी भूवैज्ञानिकांनी 'सायन्स' नियतकालिकात लोणारच्या उल्काघाताचे पुरावे मांडले. आघाताच्या प्रचंड दाबाने काचरूप झालेले खनिज हा त्यांतील प्रमुख पुरावा होता. मंगळावरील विवरांचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक त्यानंतरही येथील खडकांकडे वळत राहिले.

प्रश्न आहे तो जपणुकीचा. 'अपोलो-११'ने आणलेले सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती ह्यूस्टन येथे नायट्रोजन भरलेल्या बंद कपाटांत सांभाळली जाते. लोणारच्या आघाताने बाहेर फेकला गेलेला मालमसाला विवराच्या काठापासून किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत उघड्यावर पसरला आहे. त्यावर शेते आहेत, रस्ते आहेत, घरे आहेत. लोणारला २००० मध्ये अभयारण्याचा आणि २०२० मध्ये रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. दोन्हींचा भर सरोवर, वनसंपदा आणि पक्षी यांवर आहे. काठाबाहेरचा हा भूशास्त्रीय दस्तऐवज त्यामुळे दुर्लक्षितच राहतो. नांगराने वा पायाच्या खोदाईने विस्कटलेला थर पुन्हा रचता येत नाही.

याचा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे मोल त्यांना कोणी सांगितलेच नाही. संपूर्ण परिसर बंदिस्त करण्याचीही आवश्यकता नाही. भूवैज्ञानिकांनी महत्त्वाचे मोजके पट्टे निश्चित करावेत, योग्य मोबदला देऊन आणि मालकांच्या संमतीने ते राखावेत, तेथे माहितीफलक लावावेत, एवढे तरी शासनाला शक्य आहे. चंद्रावरचा दगड आणण्यासाठी अमेरिकेला अब्जावधी डॉलर मोजावे लागले. त्याच जातीचा, तसाच आघात सोसलेला दगड लोणारच्या बांधावर पडून आहे. तो नाहीसा होण्यापूर्वी त्याची नोंद घेतली जाणार काय, हा खरा प्रश्न आहे.