गुग्गुळ, गोळी आणि रक्तातली चरबी

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची रसायने तयार होतात. त्यांच्याच गोळ्या पुढे आपल्या घरी येतात आणि कधीकधी रक्तातली चरबी बिघडवतात. रक्तदाबावरचे प्रोप्रॅनोलॉल ट्रायग्लिसराइड वाढवते. स्टेरॉइडे आणि एचआयव्हीवरचे रिटोनाव्हिर यांचेही तेच. मग कोणीतरी सांगतं, ‘सोबत गुग्गुळ घ्या, झाडपाल्याचा अपाय नसतो.’ बोईसरपासून डहाणूपर्यंत हा सल्ला सर्रास दिला जातो.

गुग्गुळाचा इतिहास आदर वाटावा असाच आहे. सुश्रुतसंहितेतले मेदाचे वर्णन वाचून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर प्रयोग केले. 1966च्या त्यांच्या प्रबंधात गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा अर्क सिद्ध केला आणि 1980च्या दशकात मुंबईच्या सिप्लाने तो बाजारात आणला. जुन्या ग्रंथातून कल्पना उचलून प्रयोगशाळेत तिची कसोटी घेण्याचे हे उदाहरण आपल्याकडे विरळाच.

पण गोष्ट तिथे संपली नाही. 1994 साली परळच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी दाखवले, की गुग्गुळाचा अर्क सोबत घेतला तर प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम रक्तात कमी पोहोचतात. म्हणजे चरबीसाठी घेतलेली वटी रक्तदाबाच्या गोळीचा जोरच काढून घेऊ शकते! हा शोध मुंबईत लागला, तरी शंभर किलोमीटरवरच्या रुग्णाच्या कानावर तो क्वचितच पडतो, याचे मला फार वाईट वाटते. 2003 साली अमेरिकेत 103 जणांवर चाचणी झाली, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढले.

गुग्गुळाप्रमाणेच अँटिऑक्सिडंट म्हटले की निर्धास्त होणाऱ्यांनी 2001ची हृदयरुग्णांची चाचणीही पाहावी. कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिन आणि नायसिनसोबत जीवनसत्त्व ई, क, बीटा-कॅरोटीन आणि सेलेनियम ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये दिल्यावर चांगल्या कोलेस्टेरॉलची वाढ मंदावली.

म्हणून वनस्पतींना मोडीत काढावे असे मी म्हणत नाही. हळद, कोकम, आवळा यांच्यातील द्रव्यांवर उंदरांवरचे पुष्कळ काम झाले आहे. माणसांवरच्या काटेकोर चाचण्या मात्र हव्या तितक्या नाहीत, आणि त्या महाराष्ट्राने कराव्यात. तोवर पालघरच्या सरकारी दवाखान्यांत एवढे तरी व्हावे: रक्तातली चरबी बिघडवू शकणारी गोळी दीर्घकाळासाठी सुरू करताना लिपिड प्रोफाइल, काही महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी, आणि रुग्णाला न रागावता विचारून वटी, चूर्ण, काढ्याची केसपेपरवर नोंद.