शब्दविचार : दुर्ग
'दुर्ग' म्हणजे जेथें जाणें कठीण असें स्थळ. तो पाण्यावर चालूं लागेल, हें कोणा कोशकाराच्या स्वप्नींहि नसेल. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं मालवणास आरंभिलेला सिंधुदुर्ग पुढें आमच्या करवीर राज्याकडे आला. १७६५ सालीं इंग्रजांनीं तो जिंकून त्याचें 'फोर्ट ऑगस्टस' असें बारसें केलें. तह होऊन किल्ला परत मिळाला, १८१२ सालीं मालवण कायमचें गेलें; परंतु तें परकें नांव लोकांच्या जिभेवर रुळलें नाहीं. १९७७ सालीं भारतीय नौदलांत रशियन बांधणीची एक क्षेपणास्त्रनौका दाखल झाली ती 'सिंधुदुर्ग' याच नांवानें! आतां ती नौकाहि सेवेंतून निवृत्त झाली आहे. नांव टिकतें तें घरोघरीं उच्चारिलें जातें म्हणून. यासाठीं मुलांस गडांचीं नांवें अर्थासह सांगावीं, अशी वाचकांस आमची विनंति आहे.