मूनिए यांच्यावरची फिर्याद

कॅथलिक तत्त्वज्ञ एमानुएल मूनिए यांनी फ्रान्समध्ये फॅसिझमला वाट करून दिली, असा आरोप आहे. झीव्ह स्टर्नहेल या इतिहासकाराने १९८३ साली ‘ना उजवे, ना डावे’ म्हणवणाऱ्या फ्रेंच विचारवंतांची झडती घेतली, तीत मूनिएही सापडले. भांडवलशाही आणि संसदीय लोकशाही या दोहोंवर त्यांनी कोरडे ओढले, सबब हुकूमशाहीचं बळ वाढलं, हा पूर्वपक्ष.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. १९३२ साली त्यांनी ‘एस्प्री’ हे नियतकालिक काढलं, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. संसदेबद्दल लिहिताना त्यांचा तोल अनेकदा सुटला. जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर १९४० मध्ये, जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या व्हिशी सरकारची परवानगी घेऊन त्यांनी ‘एस्प्री’ ल्योंहून पुन्हा सुरू केलं. ही चूक होती. तिला डावपेच म्हणून झाकण्याची मला गरज वाटत नाही.

पण पुढचं पान उलटायला फिर्यादी का कचरतात? ऑगस्ट १९४१ मध्ये त्याच सरकारने ‘एस्प्री’वर बंदी घातली. जानेवारी १९४२ मध्ये मूनिए गजाआड गेले, तिथे त्यांनी उपोषण केलं. सुटल्यावर ते द्यूलफी या गावी नाव बदलून राहिले. त्याआधी, स्पेनच्या यादवीत जनरल फ्रँकोच्या युद्धाला धर्मयुद्ध म्हणण्याची कॅथलिक जगात अहमहमिका लागली असताना, ‘एस्प्री’ने त्या युद्धाला धर्माचं नाव देऊ दिलं नाही.

युद्धानंतर ते कम्युनिस्टांच्या कच्छपी लागले, हा दुसरा आक्षेप. कामगारवर्ग त्या पक्षामागे होता, म्हणून मूनिए त्या पक्षाशी बोलत राहिले, कधी फार मवाळपणे. मात्र १९४९ साली हंगेरीत कम्युनिस्ट राजवटीने आपलाच माजी मंत्री लास्लो रायक याला खोट्या खटल्यात फासावर चढवलं, तेव्हा त्या खटल्याचा बुरखा फाडणारा फ्रांस्वा फेयटो यांचा लेख छापला तो ‘एस्प्री’नेच. पक्ष दुखावेल म्हणून मूनिएंनी तो अडवला नाही.

मराठीत त्यांच्या ‘पर्सनॅलिझम’ या विचाराला ‘व्यक्तिवाद’ म्हटलं की घात होतो, कारण मूनिए झगडले ते व्यक्तिवादाशीच. स्वतःभोवती कुंपण घालून हक्क मोजत बसणारी व्यक्ती वेगळी. दुसऱ्यासाठी उघडा राहणारा, हाक आली की गुंतणारा माणूस वेगळा. हा माणूस राज्याच्या, वंशाच्या वा बाजाराच्या कामी येणारं साधन नव्हे, हे त्यांच्या विचाराचं मर्म. ते मोघम आहे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या घरात डोकवावं. मुलगी फ्रांस्वाज काही महिन्यांची असताना मेंदूच्या आजाराने तिचं भान कायमचं हरपलं. बोलणं नाही, ओळख नाही. मूनिएंनी तिला दुर्दैव मानलं नाही. मिस्सात वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे श्रद्धावंत नमतो, तसे ते तिच्या पाळण्यापाशी नमले. त्याच काळात शेजारच्या जर्मनीत अशा मुलांना निरुपयोगी ठरवून सरकारी यंत्रणा ठार मारत होती.