झाकली मूठ आणि उघडा हिशेब

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात अमलात आली. तिच्या अनेक कलमांवर कामगार संघटनांचे तीव्र आक्षेप आहेत. त्यांचा परामर्श स्वतंत्रपणेच घेतला पाहिजे. आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो ते तिच्या चौथ्या कलमाकडे. वीस अथवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत तक्रार-निवारण समिती असलीच पाहिजे, असे हे कलम सांगते. समितीत दहांहून अधिक सभासद नसावेत, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत, अध्यक्षपद दरवर्षी आळीपाळीने उभय पक्षांकडे जावे आणि तक्रारीचे काम तीस दिवसांत पुरे व्हावे. कल्पना नवी नव्हे. २०१० च्या दुरुस्तीने ती जुन्या कायद्यातही आली होती. परंतु कायद्याने समिती देता येते, ऐकून घेण्याची वृत्ती देता येत नाही.

आमच्याकडील चालकांना ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण फार प्रिय! तक्रार आली की प्रथम तक्रारदार कोणत्या गटाचा हे पाहावयाचे. मग ‘बघू, करू’ म्हणून कागद बासनात गुंडाळावयाचा. आणि फारच बोभाटा झाला तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच तो अभिप्रायासाठी धाडावयाचा. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी?

या विलंबाची किंमत कोण मोजतो, त्याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी सभा भरवून आपली गाऱ्हाणी मांडली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, ही त्यांतील एक मागणी. राज्य उलथविण्याची नव्हे, रविवारच्या विश्रांतीची! ती पदरात पडली १० जून १८९० रोजी. सुट्टी दिल्याने गिरण्या बुडाल्या नाहीत. मात्र मधले सुमारे तीनशे रविवार कामगारांना कोणीही परत दिले नाहीत.

म्हणून आमचे चालकांना स्पष्ट सांगणे आहे. तक्रार लेखी घ्या आणि तिची पोच द्या. दोन्ही बाजू निर्भयपणे बोलू शकतील अशी व्यवस्था करा. ज्याच्यावर आरोप आहे त्याने, मग तो अध्यक्ष का असेना, त्या विषयापुरते आसन सोडावे. निर्णय कारणांसह लिहून द्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ठरले ते घडले की नाही हे तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बहुतेक समेट मोडतात ते याच शेवटच्या पायरीवर. हारतुरे होतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून मागील पान पुढे चालू.

संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापक येत नाहीत. सबब, वरिष्ठांमध्येच जुंपली तर ही समिती उपयोगी पडणार नाही. तेथे चालकांची स्वतःची जबाबदारीची जाणीव हाच खरा कायदा. १९५६ साली महबूबनगर येथील रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियलूरला पुन्हा भीषण अपघात झाला, तेव्हा त्यांनी पुनश्च राजीनामा दिला आणि तो मान्य झाला. पूल त्यांनी बांधला नव्हता, गाडी त्यांनी हाकली नव्हती. तरी खात्याचे उत्तर आपणच द्यावयाचे, हे त्यांनी मानले. प्रत्येक चुकीला राजीनामा मागावा असे आम्ही म्हणत नाही. चूक हाताखालच्या कारकुनाच्या माथी मारून वरिष्ठाने नामानिराळे राहू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या गावोगावी बँका आहेत, कारखाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत. त्यांतील बहुतेकांचे वाचक हेच सभासद वा नोकर. येत्या वार्षिक सभेत नफ्या-तोट्याचे आकडे वाचून होताच त्यांनी उभे राहून तीन प्रश्न विचारावेत: वर्षात तक्रारी किती आल्या? तीस दिवसांत किती निकालात निघाल्या? उरलेल्यांचे उत्तर कोण देणार? पैशाचा ताळेबंद छापणाऱ्या चालकांना माणसांचा ताळेबंद मांडणे जड जाऊ नये. जड जात असेल, तर त्या झाकल्या मुठीत काय आहे हे सभासदांनी उघडून पाहावे.