हुकूमनाम्यानंतरचा दुसरा दावा

घर रिकामे झाले, किल्ली मालकाच्या हाती आली, की दावा संपला असे आपण समजतो. थकलेले भाडे आणि बेकायदा वहिवाटीची नुकसानभरपाई यांचा हुकूमनामा मात्र बहुधा कागदावरच राहतो. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, हे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये नोंदवले होते. ते आजही शिळे झालेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये राहुल शाह प्रकरणात अंमलबजावणीची दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले. तरीही ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार देशभरात 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या.

कायद्यात साधनांची वाण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नुसार बँक खाते, पगार, स्थावर मालमत्ता जप्त करता येते. भाडेकरू बंगळुरू सोडून पाटण्याला गेला, तर हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे वर्ग होतो. दरखास्तीसाठी बारा वर्षांची मुदत आहे. पण मालमत्ता कोठे आहे, हे शोधण्याचा भार मालकावरच पडतो, आणि तेथेच बहुतेक वसुली अडते. रक्कम तीस दिवस थकली तर न्यायालय ऋणकोकडून मालमत्तेचे शपथपत्र मागू शकते आणि ते टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकते. अनेक मालकांना या तरतुदीची माहितीच नसते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कलम 60 नुसार पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. जप्तीयोग्य पगार 31 हजार असेल तर महिन्याला 10 हजारच हाती येतात. आणि एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती एकूण 24 महिन्यांपलीकडे चालत नाही. केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येत नाही, हे 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस निकालाने स्पष्ट केले. ही संरक्षणे सैल करावीत असे मला मुळीच वाटत नाही. नोकरी गेलेला भाडेकरू आणि पैसा लपवणारा भाडेकरू यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

मात्र दोघांतला फरक ओळखायचा तर माहिती वेळेवर हवी. पैशाच्या दाव्यात मुद्दे निश्चित होण्यापूर्वीच प्रतिवादीकडून मालमत्तेचे शपथपत्र घेता येईल, असे राहुल शाह निकालातच म्हटले आहे. ते नित्याचे व्हावे. अपिलात स्थगिती देताना बाजारभावाने रक्कम भरण्याची अट घालता येते, हे आत्माराम प्रॉपर्टीज निकालापासून मान्य आहे. ती अट अपवाद न राहता रिवाज व्हावी.

आदर्श भाडेकरार कायदा, 2021 राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवतो. हे भाडेकरूच्या हिताचेच आहे. पण वसुलीचा भरवसा नसेल तर मालक जास्त अनामत मागतो, नाही तर घराला कुलूप लावतो. 2011 च्या जनगणनेत शहरांतील 1 कोटी 10 लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. त्यामागे कारणे अनेक आहेत. वसुलीविषयीचा अविश्वास त्यांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. त्याची किंमत शेवटी घर शोधत फिरणारा प्रामाणिक भाडेकरूच मोजतो.