शुश्रूषेची शाळा आणि तिचें रुग्णालय

बारावीचा निकाल लागला, कीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक आईबाप मुलीस नर्सिंगला घालण्याचा विचार करतात. विचार उत्तम, परंतु शाळा पाहावयास गेलेले लोक इमारत व फी पाहून परततात. शाळेजवळ रोग्यांच्या खाटा किती, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० सालीं आपली शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांतच काढली. मिरजेस डॉ. वॉनलेस यांचें रुग्णालय १८९४ सालीं उघडलें आणि तीनच वर्षांनीं तेथें शुश्रूषेचें शिक्षण सुरू झालें. आमच्या शेजारीं वाशीम येथें १९३८ सालीं रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय निघालें; तेथेंहि पुढें परिचारिका तयार झाल्या. कारण उघड आहे. नाडीचे ठोके किती असावेत हें पुस्तकांत सांपडेल. पण मध्यरात्रीं तापांत बडबडणाऱ्या म्हाताऱ्यास गोडीगुलाबीनें औषध पाजणें खाटेपाशींच शिकावें लागतें.

शाळेस निदान शंभर खाटांच्या रुग्णालयाची जोड असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियमहि आहे. तो कागदोपत्रीं पाळणें मात्र कठीण नाहीं!

उलटपक्षीं, रुग्णालयानेंहि विद्यार्थिनीस फुकटची मोलकरीण समजूं नये. सारी पाळी चादरी बदलण्यांतच गेली, तर ती शिकणार केव्हां? म्हणून आम्ही सुचवितों, कीं प्रवेशापूर्वीं आईबापांनीं मुलीसह वॉर्डांत एक फेरी मारावी आणि तेथील शिकाऊ मुलींस एवढेंच विचारावें: रात्रपाळीस तुमच्याबरोबर कोण असतें?