पुरावा हाती ठेवा!

चवदार तळ्याचा सत्याग्रह आमच्या प्रत्येक वाचकास ठाऊक आहे. त्या तळ्याचा खटला मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडच्या न्यायालयात त्यांच्याविरुद्ध दावा दाखल झाला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादी आहे, असे वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींविरुद्ध निर्णय दिला, कारण ती रूढी त्यांना पुराव्याने शाबीत करता आली नाही. सत्याग्रहाने हक्क बजावला. पुराव्याच्या कसोटीने तो टिकविला.

वाचकहो, त्या खटल्यात पुराव्याचा भार प्रतिपक्षावर होता. आज संगणक व मोबाइल यांच्याद्वारे होणाऱ्या गुन्ह्यांत फिर्यादी आपण असतो, म्हणून तो भार आपल्या बाजूवर पडतो. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतही हे गुन्हे आता परके राहिलेले नाहीत. त्यांचे ढोबळ प्रकार तीन.

पहिला, पैशाची चोरी. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून 'डिजिटल अटक' केल्याचे सांगणारा मनुष्य ठग समजावा. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. दुसरा, नावाची चोरी. दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा ओळख वापरणे, तोतयेगिरीने फसविणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क व ६६-ड नुसार गुन्हे असून त्यांस तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तिसरा प्रकार आम्हांस सर्वांत अधिक झोंबणारा, तो म्हणजे स्वाभिमानाची चोरी : जातीवरून शिवीगाळ आणि महापुरुषांची विटंबना.

या तिसऱ्या गुन्ह्याविषयी आरोपीच्या बाजूने दोन आक्षेप हमखास घेतले जातात. 'तुम्ही बौद्ध झालात, मग जातीचा कायदा तुम्हांस कसा लागू?' हा पहिला. त्यास उत्तर कायद्यातच आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या मनुष्याचे अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खालील संरक्षण धर्मांतराने गेलेले नाही. तक्रारीसोबत जात प्रमाणपत्राची प्रत जोडावी, म्हणजे या आक्षेपास जागाच उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, शिवी मोबाइलवर दिली, चारचौघांत नव्हे. कायद्याच्या कलम ३(१)(आर) व (एस) मध्ये अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल' अशा ठिकाणी व्हावा लागतो, हे खरे. परंतु इंटरनेटवर प्रसृत केलेला मजकूर पाहणारा प्रत्येकजण त्या अपमानाचा साक्षी होतो, असा दृष्टिकोन केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली घेतला. तो महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, तरी आधार म्हणून पुढे ठेवता येतो. मात्र एकट्यालाच पाठविलेला खाजगी संदेश या दोन कलमांत बसविणे कठीण आहे; त्यात धमकी असल्यास इतर कायद्यांचा आश्रय घ्यावा.

आता मुख्य गोष्ट. अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या जालना येथील निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निक्षून सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल, तर विद्युत नोंदीच्या प्रतीस प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र दोन भागांचे केले : एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. यास्तव संतापाच्या भरात मजकूर पुसून टाकू नका, मोबाइल विकू नका. पडद्याचे छायाचित्र घ्या, पाठविणाऱ्याचा क्रमांक, मजकुराचा पत्ता, दिनांक व वेळ लिहून ठेवा, तो पाहणाऱ्या दोन साक्षीदारांची नावे टिपा. आणि ती घाण 'सर्वांना कळावी' म्हणून पुढे पाठवू नका. तसे करणे म्हणजे विटंबना करणाऱ्याचेच काम फुकट करणे होय.

तक्रार लेखी द्या व पोच घ्या. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नसतो, आणि कर्तव्यात हेतुतः कसूर करणाऱ्या लोकसेवकास कलम ४ खाली शिक्षा आहे, हे अदबीने पण स्पष्टपणे सांगा.

तथापि प्रत्येक कडवट मत म्हणजे गुन्हा नव्हे, याचेही भान हवे. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ साली एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कलम ६६-अ रद्द केले. मोघम कायद्याचा आसूड उद्या आमच्याच लेखणीवर पडू शकतो. टीकेस उत्तर युक्तिवादाने द्यावे. अपमानास उत्तर न्यायालयात.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील प्रत्येक बुद्धविहारात किमान एक शिकलेला तरुण व एक तरुणी या कामासाठी पुढे यावी. नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला खटला बाबासाहेबांनी कंटाळून सोडला नाही. आपणास तर आज केवळ एक मोबाइल जपून ठेवावयाचा आहे.